विहिरीवाला पिक्चर

पडद्यावरची नवी सून बापाच्या पायाशी बसून म्हणाली, "बाबूजी, कुएँ में से वह मुझे बुलाती है," आणि नत्थूजीच्या हातातली बॅटरी भलतीकडेच वळली. उशिरा आलेल्या दोघांना तो जागा दाखवत होता. उजेड त्यांच्या पायांपुढे पडायचा तो भिंतीवर गेला, भिंतीवरून छतावर गेला, आणि मागच्या रांगांतून लोक ओरडले. त्याने बटण बंद केलं. ते दोघे अंधारात चाचपडत कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसले, तिथे थोडी बाचाबाची झाली. नत्थूजीला त्यातलं काही कळलं नाही. तो भिंतीला पाठ लावून पडद्याकडे पाहत राहिला.

पडद्यावरचा बाप हसला. त्याने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, हा सगळा मनाचा खेळ आहे असं काहीतरी म्हणाला आणि टांग्यात बसून निघून गेला. सून फाटकात उभी राहिली. मग जवळ कुणी नसताना परसातल्या विहिरीतून बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि बायकांच्या वर्गातून एकच किंकाळी उठली.

खेळ सुटल्यावर मॅनेजरने त्याला बोलावून विचारलं की आज काय झालं होतं. नत्थूजी म्हणाला, सेल उतरले असतील. मॅनेजर तसा भला माणूस होता. त्याने नवे सेल दिले.

ही एक्कावन्न सालची गोष्ट. नत्थूजी तेव्हा पन्नाशीला टेकला होता. नागपूरच्या तांडापेठेत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत माग. त्या मागावर त्याच्या बापाने लुगडी विणली, त्यानेही वीस-बावीस वर्षं विणली. लढाईच्या दिवसांत सूत मिळेनासं झालं आणि माग जो थांबला तो थांबलाच. पेठेतले कितीतरी लोक गिरणीत गेले. नत्थूजीच्या छातीला गिरणीतला कापूस सोसेना, म्हणून ओळखीतून त्याला टॉकीजमध्ये डोअरकीपरची जागा मिळाली. दुपारी दोनला जायचं, तिकिटं फाडायची, जागा दाखवायची, खेळ संपला की दारं उघडायची. बायको जयवंता घरी बसून दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. त्यांना एकच लेक होती, पुष्पलता. ती दोन वर्षांपूर्वी भिवापूरला, सासरच्या विहिरीत पडून गेली होती.

पाय घसरला, असं जावयाने सांगितलं. रुपराव त्याचं नाव. घर मूळचं विणकरांचंच, पण बापाच्या वेळेपासून मिरचीच्या व्यापारात पडलेलं आणि सुस्थितीतलं. पुष्पलता त्याची दुसरी बायको. पहिली, चंद्रकला, लग्नानंतर तीन वर्षांनी गेली होती, आणि तीही त्याच विहिरीत. दुसरेपणावर देताना जयवंताच्या मनात शंका आली होती, पण रुपराव बोलायला गोड, माणूस निर्व्यसनी, आणि पहिलीबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नत्थूजीने शब्द दिला.

लग्नाला दीड वर्ष झालं असेल. वैशाखात जयवंता भावाच्या घरच्या लग्नाला उमरेडला गेली होती, आणि एका दुपारी पुष्पलता अचानक दारात उभी राहिली. छोट्या रुळांवरच्या गाडीने इतवारी स्टेशनला उतरून तिथून पायी आली होती. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. नत्थूजीने पाणी दिलं. ती प्यायली आणि म्हणाली, "बाबा, मले परत पाठवू नका. त्या घरी पहिलीवाली मले बोलावते. मी इहिरीवर पानी काढाले गेली का मांगं कोनी तरी उभं राह्यते."

नत्थूजीला हसू आलं. लहानपणी ही पोरगी सक्करदऱ्याच्या तलावाजवळच्या चिंचेखालून जायलाही भ्यायची, ते त्याला आठवलं. भूतबित काही नसतं, नव्या घरी मन रमत नाही म्हणून असं वाटतं, हळूहळू रमेल, असं त्याने तिला समजावलं. स्वतःच्या हाताने वरण-भात रांधून वाढला. दुसऱ्या दिवशी तिला इतवारीला नेऊन गाडीत बसवलं. ती खिडकीशी बसली. तिने रडारड केली नाही. आषाढात तिची बातमी आली.

जयवंता परतल्यावर शेजारच्या सखूबाईकडून तिला कळलंच होतं की पोरगी येऊन गेली. काहून आली होती, असं तिने विचारलं, तेव्हा नत्थूजी म्हणाला होता, करमत नाही म्हणत होती. त्यापुढचं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता तेच रोज पडद्यावर दिसू लागलं. पिक्चरचं नाव हिंदी आणि लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. सगळं शहर त्याला विहिरीवाला पिक्चर म्हणायचं. त्यात गंमत अशी होती की भूत एकदाही दिसत नव्हतं. फक्त बादलीचा आवाज, अंगणातली ओली पावलं, आणि कुणीतरी नाव घेऊन मारलेली हाक. शेवटी सून विहिरीच्या काठावर उभी असते, पडद्यावर नुसतं खालचं काळं पाणी दिसतं, आणि पुढच्याच दृश्यात नवरा नव्या बायकोला घेऊन वाड्यात येतो. तिथे पिक्चर संपायचा. भूत होतं की नव्हतं, यावर समोरच्या पानठेल्यावर रोज कडाक्याचे वाद होत, आणि वाद घालणारे दुसऱ्या दिवशी खात्री करायला पुन्हा तिकीट काढत. दहा आठवडे झाले, पंधरा झाले. नंदनवनाकडच्या खेड्यांतून बैलगाड्या भरून माणसं येत. बायका एकमेकींचे हात धरून बसायच्या, वेळच्या वेळी किंचाळायच्या, आणि खेळ सुटला की उन्हात येऊन डोळे चोळत हसायच्या. इतकं भिऊन पुन्हा काहून येता, असं नत्थूजीने एकदा सखूबाईला विचारलं. ती म्हणाली, भेव वाटते आन् मंग आपलं घर किती बरं हाये असं वाटते, म्हणून.

पहिले काही दिवस नत्थूजीला वाटलं, पोरगी खरंच बोलत होती. विहिरीत चंद्रकला होती, तिनेच हाक मारली, आणि आपण हसलो. बापाच्या दृश्याला तो बाहेर जाऊन उभा राहू लागला. पण आवाज दारातून येतच असे, आणि काम सोडता येत नव्हतं.

मग एका दुपारी, विसावा का पंचविसावा खेळ असेल, त्याने ते दृश्य उभं राहून पाहायचं ठरवलं. सुनेकडे पाहवत नव्हतं म्हणून तो पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पाहत राहिला. सून विहिरीकडे निघते. हाक येते. सगळं टॉकीज तिच्या तोंडाकडे पाहत असतं. आणि मागे, परसदाराच्या चौकटीत, नवरा उभा असतो. अंधारात, अर्धाच. त्याच्या धोतराचा सोगा ओला असतो.

नत्थूजीने दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक हाकेच्या वेळी तो कुठेतरी होता. कधी खांबाआड, कधी जिन्यावर. पानठेल्यावर इतके वाद झाले, पण त्याच्याबद्दल कुणी बोललेलं नत्थूजीने ऐकलं नव्हतं.

आणि तेव्हा त्याला पोरीचं बोलणं अख्खं ऐकू आलं. पहिलीवाली बोलावते, एवढंच त्याच्या कानात राहिलं होतं. मागे कुणी तरी उभं राहतं, हेही ती म्हणाली होती. कोण उभं राहतं, एवढं एक त्याने विचारलं नव्हतं. कदाचित तेवढं विचारावं म्हणूनच ती उन्हात पायी आली होती.

तो लॉबीत येऊन बाकावर बसला. मॅनेजरने पाणी मागवलं.

जयवंताला हा पिक्चर दाखवायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. तिकिटं मिळत नाहीत, गर्दी फार, असं सांगून त्याने चार महिने ढकलले. पण सगळी पेठ दोन-दोनदा पाहून आली होती. एका बुधवारी ती त्याला न सांगता सखूबाईबरोबर आली आणि बायकांच्या दारातून आत गेली. नत्थूजीला ती बाहेर पडताना दिसली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करून गर्दीतून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कांड्या भरत बसली होती. नत्थूजी चहा पीत होता.

"पुष्पी आलती तवा काय म्हणे?" तिने विचारलं.

"सांगतलं ना. करमत नाई म्हणे."

"आनखी?"

नत्थूजीने कप खाली ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. पहिलीवालीचं सांगितलं, मागे उभं राहणाऱ्याचं सांगितलं, वरण-भाताचं, गाडीच्या खिडकीचंसुद्धा सांगितलं. जयवंताच्या हाताखालचा सुताचा रहाट थांबला होता. त्याचं सांगून झालं तेव्हा तिने हातातली कांडी बाजूला ठेवली.

"मायापाशी बोलली असती, त म्या ठेवून घेतली असती तिले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. घरात मीठ नाही म्हणावं तसं ती म्हणाली, आणि नत्थूजीला वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या घरी आता तिसरी हाये ना?"

"हाये."

"मंग जा."

आधी तो महाल भागात मधुकररावांकडे गेला. ते वकील, टॉकीजच्या मालकाचे स्नेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या वेळी पंचनामा झालेला, दोन वर्षं उलटलेली, कुणी पाहिलेलं नाही. "नत्थूजी, पिक्चर पाहून फिर्याद होत नाही," ते शेवटी म्हणाले, आणि हे आपल्याला म्हणावं लागलं याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

मग त्याने रजा घेतली आणि छोट्या गाडीने भिवापूरला गेला. रुपरावाने त्याला पाहताच खाली वाकून नमस्कार केला, बाबाजी म्हणाला, सतरंजी घातली. पुष्पलतेचा फोटो भिंतीवर होता, हार ताजा होता. नत्थूजी रुपरावाकडे पाहत राहिला. हा तोच रुपराव होता, अंत्यविधीला हंबरडा फोडणारा. आपल्याला त्या पिक्चरने वेड लावलं तर नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तसं असलं तर किती बरं, असंही आलं.

कुणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून रुपराव बाहेर गेला. नत्थूजी उठून परसात गेला. अख्खं परस लाल मिरचीने भरलेलं होतं, आणि कडेला सावलीत एक एकोणीस-वीस वर्षांची पोरगी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. तीच रुपरावाची तिसरी बायको, मनकर्णा. तिची बोटं सुजलेली होती. तिच्या मागे दहा पावलांवर विहीर होती, नवा चुना फासलेली.

नत्थूजीने आपण कोण ते सांगितलं. ती लगबगीने उठून पाया पडली. त्याने घशात येणारा खोकला आवरला आणि विचारलं, "पोरी, या घरी तुले कशाचं भेव वाटते काय?"

मनकर्णेने परसदाराकडे पाहिलं. "नाई जी. काई नाई." मग ती पुन्हा खाली बसली आणि मिरचीकडे पाहत हलक्या आवाजात म्हणाली, "मी इहिरीवर एकटी नाई जात. सासूबाई संग असल्या तवाच जातो."

"काहून?"

दारात रुपराव उभा होता. मिरचीच्या खकाण्यात बसू नका बाबाजी, ठसका लागन, असं म्हणून त्याने नत्थूजीच्या खांद्याला हात लावला आणि त्याला आत नेलं. गाडीची वेळ होईपर्यंत तो क्षणभरही दूर झाला नाही. स्टेशनावर पोचवायला आला. गाडी हलताना हात जोडून उभा राहिला.

मनकर्णेचं माहेर उमरेडला होतं. नत्थूजी तिथे उतरला. तिचे वडील नानाजी अजून मागावर बसत होते. रेशीमकाठी लुगडं अर्ध्यावर आलं होतं. विणकर विणकराला भेटतो तसे ते प्रेमाने भेटले. नत्थूजीने पुष्पलतेचं सगळं सांगितलं. नानाजींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमचं दुःख मी समजतो जी," ते म्हणाले. "पन दोघी गेल्या त्याले जवाई काय करन? नशीब त्याचं. मनकर्णा मजेत हाये. नवी जागा हाये, वाटते कवा कवा असं पोरीले."

हे शब्द नत्थूजीचे स्वतःचे होते. त्यांना काय उत्तर द्यायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळी त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. शेवटी त्याला एकच सुचलं. नागपुरात एक पिक्चर लागला आहे, तुम्ही एकदा या आणि पाहा, असा आग्रह करून तो निघाला.

नानाजी पंधरा दिवसांनी आले. नत्थूजीने त्यांना मधल्या रांगेत, पंख्याखाली बसवलं. दारातून तो त्यांच्याच डोक्याकडे पाहत होता. बापाच्या दृश्याला नानाजी पुढे सरकले. बादली आपटली तेव्हा दचकले आणि शेजाऱ्याचा हात धरला. मध्यंतरात त्यांनी चिवडा घेतला. खेळ सुटल्यावर ते घामेजल्या तोंडाने हसतच बाहेर आले.

"काय भेव लागलं गा," ते म्हणाले. "अस्सा पिक्चर म्या जल्मात पाह्यला नाई."

"नवऱ्याकडं पाह्यलं काय?"

"नवरा? त्याचं काय? बिचारा त चांगला होता."

नत्थूजीने त्यांना ओला सोगा सांगितला. खांब सांगितला, जिना सांगितला. नानाजी ऐकत होते, पण त्यांचा चेहरा हळूहळू ओशाळल्यासारखा झाला. दुःखाने माणसाचं कसं होतं, असं काहीतरी त्यात होतं. त्यांनी नत्थूजीची पाठ थोपटली, जयवंताबाईंना नमस्कार सांगा म्हणाले, आणि संध्याकाळची गाडी गाठायला निघून गेले.

नत्थूजीने त्यानंतर दोन पत्रं लिहवून घेतली, एक नानाजींना आणि एक मनकर्णेला. नानाजींचं उत्तर आलं, त्यात पाऊसपाणी होतं आणि सगळे खुशाल होते. मनकर्णेचं आलं नाही. तिला पत्र मिळालं की नाही हेही कळलं नाही. जयवंता अधूनमधून विचारायची, भिवापूरचं काही? तो नकारार्थी मान हलवायचा. पुढे तिने विचारणं सोडलं.

पिक्चर अठ्ठावीस आठवड्यांनी उतरला. पण लोकांची हौस संपली नव्हती. त्रेपन्न साली तो पुन्हा लागला, पंचावन्नच्या हिवाळ्यात पुन्हा. फिल्म जागोजागी तुटली होती, आवाज खरखरायचा, तरी पाटी लागायची, हाऊसफुल्ल. पहिल्या वेळी आईचा हात धरून किंचाळलेल्या पोरी आता नवऱ्यांना घेऊन येत होत्या, आणि कुठे काय होणार हे त्यांना आधीच सांगत होत्या.

अशाच एका दुपारी तीनचा खेळ सुरू झाल्यावर नत्थूजी दार लावत होता. लॉबीच्या पायरीवर एक म्हातारा बसलेला दिसला. तिकीट संपलं बाबाजी, असं म्हणायला तो जवळ गेला आणि थबकला. नानाजी होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. वर पिक्चरचा मोठा रंगीत फलक होता, तिकडे ते पाहत नव्हते.

नत्थूजी त्यांच्याशेजारी बसला.

"मनकर्णा गेली," नानाजी म्हणाले. "आज तेरा दिवस झाले."

आतून बादलीचा आवाज आला आणि पाठोपाठ शेकडो बायकांची किंकाळी. नत्थूजीने नानाजींचा हात आपल्या हातात घेतला आणि किंकाळी ओसरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"पोळ्याले आलती घरी," नानाजी म्हणाले. "मले म्हणे, बाबा, सासूबाई आता थकल्या, इहिरीवर संग येत नाई. मी म्हटलं, मंग तुनं आता भेव सोडाव."

त्या दिवशी नत्थूजीने पहिल्यांदा खेळ अर्धवट सोडला. दारं उघडायचं काम त्याने दुसऱ्याला सांगितलं आणि नानाजींना घरी नेलं. जयवंता दारातच होती. तिने दोघांकडे एकदा पाहिलं, आत जाऊन पाय धुवायला पाणी आणून ठेवलं आणि भाकरी टाकायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिघंही मधुकररावांकडे गेले. याचं पुढे काही होईल असं मला वाटत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. तिन्ही वेळा पाय घसरला, तिन्ही वेळा पाहणारं कुणी नाही. तरी जबाब द्यायचाच असेल तर तो द्यायचा तुमचा हक्क आहे. जयवंता म्हणाली, द्याचा हाये.

ठाण्यातला जमादार वयस्कर होता. त्याने त्यांना ताटकळत ठेवलं नाही. जयवंता भिंतीशी बसली, नानाजी दाराजवळ उभे राहिले, आणि टेबलापुढच्या स्टुलावर नत्थूजी बसला. साल, महिना, पोरीचं नाव, वय. मग तिचं बोलणं. नत्थूजीने ते एकेक शब्द सावकाश सांगितलं, आणि जमादाराने तसंच लिहून घेतलं.

"पुढं?" जमादाराने विचारलं.

"पुढं मी तिले गाडीत बसवून देल्लं. परत."

जमादाराची लेखणी थांबली. "हे नाई लिहिलं तरी चालते बाबाजी. याचा उपयोग नाई. उलट तुमच्याच अंगावर येते हे."

"लिहा जी," नत्थूजी म्हणाला. "थे नको म्हणत होती. तरी बसवून देल्लं, असं लिहा."

जमादाराने भिंतीशी बसलेल्या जयवंताकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद पुढे सरकवला. नत्थूजीने एकेक अक्षर जुळवत सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मग तो उठला आणि स्टूल नानाजींकडे सरकवलं. नानाजी बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. जमादाराने कोरा कागद पुढे ओढला आणि मुलीचं नाव विचारलं.